डोक्याला मार आणि पहिले काही तास

रस्त्यावर अपघात झाला की जमलेल्या घोळक्यात पहिली चर्चा होते ती चूक कोणाची यावर. गाडीवाला जोरात होता, का समोरचा न बघता आडवा आला, ट्रॉलीला मागे दिवा होता की नव्हता, यातच दहा मिनिटे सहज निघून जातात. पडलेला माणूस तेवढा वेळ पडलेलाच असतो. त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात काय घडत असते, आणि ते कोणी व कसे शोधून काढले, याविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि पोटापाण्यासाठी बँकेच्या काउंटरवर बसलो. परंतु या विषयावरचे संशोधन वाचताना ध्यानात आले की, ज्यांनी यात मोलाची भर घातली त्यांची मुख्य हत्यारे आमच्याच कामातली आहेत : नोंदवही, आकडेमोड आणि ताळा. म्हणून हे धाडस.

प्रथम मेंदूविषयी थोडेसे. प्रौढ माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलो वजनाचा, मऊ असा अवयव आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, परंतु शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. प्राणवायूचा साठा करून ठेवण्याची सोय मात्र त्याच्यापाशी नाही. रोज कमवावे आणि रोज खावे अशा घरासारखी त्याची स्थिती असते. श्वास थांबला की काही मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता हा मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. हाताला मार लागला तर हात सुजतो, कारण सुजायला बाहेर जागा आहे. मेंदूला सूज आली किंवा आत रक्त साठले तर त्याला जायला जागा नाही. आतला दाब वाढत जातो, त्या दाबापुढे ताजे रक्त मेंदूत शिरेनासे होते, आणि जो भाग अपघातात शाबूत राहिला होता तोही हळूहळू मरू लागतो.

म्हणून डॉक्टर मंडळी डोक्याच्या इजेचे दोन भाग करतात. एक, धडकेच्या क्षणी झालेली इजा. ती झाली ती झाली, तिच्यावर इलाज फारसा नाही. दुसरी, त्यानंतरच्या तासांत होत जाणारी इजा : श्वास कोंडल्याने, रक्तदाब घसरल्याने, आत रक्ताची गाठ वाढल्याने. ही दुसरी इजा पुष्कळ वेळा टाळता येते. १९९३ साली अमेरिकेत ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासून असे दाखवण्यात आले की, डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजे डोके फुटलेल्या माणसाच्या पायातून वाहणारे रक्तही त्याच्या मेंदूचा घात करीत असते. आपण मात्र डोक्याकडेच बघत राहतो.

रुग्ण किती शुद्धीवर आहे हे पूर्वी ज्याचे त्याने आपल्या शब्दांत लिहावे अशी पद्धत होती. एकाने ‘गुंगीत’ लिहायचे, दुसऱ्याने ‘अर्धवट शुद्ध’, तिसऱ्याने ‘बेशुद्ध’. रात्रपाळीच्या डॉक्टरला सकाळचा शेरा वाचून रुग्ण सुधारला की बिघडला हे कळायचे नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ साली यावर तोड काढली. डोळे कशाने उघडतो याला १ ते ४ गुण, बोलतो कसा याला १ ते ५, आणि हातपाय कसे हलवतो याला १ ते ६. बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. तेरा ते पंधरा म्हणजे इजा सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. आठच्या खाली आलेला माणूस स्वतःचा श्वासमार्ग मोकळा ठेवू शकेल याचा भरवसा नसतो, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचा विचार करावा लागतो. यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. प्रशिक्षित परिचारिकेला दोन मिनिटांत हे गुण देता येतात. दर अर्ध्या तासाने गुण लिहीत गेले आणि चौदाचे बारा झाले की कळते, आत काहीतरी वाढते आहे. जगभर ही पद्धत चालते. आमच्या मते एखाद्या महागड्या यंत्राइतकाच हा शोध थोर आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. नोभोजित रॉय यांनी अपघाती जखमींच्या उपचारांचा अभ्यास हे आपले आयुष्यभराचे काम मानले. पाश्चात्य देशांत अपघाताच्या प्रत्येक रुग्णाची ठरावीक तक्त्यात नोंद होते. आपल्याकडे केसपेपर असतो, तो बासनात बांधला जातो, आणि माणूस का दगावला हे कोणी पुन्हा उघडून पाहात नाही. डॉ. मुरलीधर यांच्यासह त्यांनी २००४ साली मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील हजाराहून अधिक गंभीर जखमींचा हिशेब प्रसिद्ध केला. इजा किती, वय किती, रक्तदाब किती, हे मांडून अमेरिकेतील अनुभवानुसार यांतले किती जगायला हवे होते ते काढले. प्रत्यक्षात दगावलेले त्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. ही तूट रुग्णाच्या नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही, कारण इजेचा जबरपणा हिशेबात आधीच धरलेला आहे. ती उपचाराच्या वाटेतली तूट आहे.

ती वाट कशी असते हेही त्यांनी तपासले. मुंबईसारख्या शहरातसुद्धा त्या काळी जखमी माणूस रुग्णालयात पोहोचत होता तो टॅक्सीत, पोलिसांच्या गाडीत, नाहीतर मिळेल त्या वाहनात घालून. वाटेत त्याला प्राणवायू नाही, मानेला आधार नाही.

त्यानंतर २०१३ ते २०१५ या काळात स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील सहकाऱ्यांसह डॉ. रॉय यांनी मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील चार मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत एक नोंदणी चालविली. मुंबईचे केईएम आणि सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय त्यात होते. प्रत्येक ठिकाणी एक प्रशिक्षित नोंदनीस नेमला. तो आळीपाळीने सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्यांत हजर राहून आलेल्या जखमीचा वेळ, रक्तदाब, श्वास, ग्लासगोचे गुण हे स्वतः बघून टिपत असे. सुमारे सोळा हजार रुग्णांची अशी नोंद झाली. त्यात डोक्याला मार लागलेल्यांची संख्या फार मोठी होती. त्यातील २,५२३ मृत्यूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. हे मृत्यू टळले असते काय, आणि टळले असते तर कशाने, हा प्रश्न तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आला. उत्तर असे आले की, यांतला मोठा भाग टाळता येण्याजोगा होता. आणि कशाने? श्वासमार्ग वेळेवर मोकळा करून, रक्तस्राव वेळेवर थांबवून, पहिल्या डॉक्टरच्या हाती रुग्ण लवकर देऊन, आणि कोणी काय करायचे याची ठरलेली पद्धत पाळून. परदेशी यंत्र आले नाही म्हणून माणसे गेली, असा निष्कर्ष निघाला असता तर आपण हात टेकले असते. येथे तर साध्या गोष्टी राहून जात होत्या, आणि साध्या गोष्टी करता येतात.

नोंद आणि मोजणी किती आवश्यक असते याचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. डोक्याला मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायचे, असा जगभरच्या डॉक्टरांचा कित्येक वर्षांचा प्रघात होता. सूज उतरवणारे औषध, मग मेंदूची सूजही उतरणारच, हा तर्क ऐकायला बिनतोड होता. लंडनहून चालविलेल्या एका प्रयोगात अनेक देशांतील १०,००८ रुग्णांपैकी निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना नुसते पाणी दिले गेले. कोणाला काय मिळाले हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण मध्येच थांबवावे लागले. २००४ साली जाहीर झालेले आकडे असे : दोन आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. हजार माणसांमागे बत्तीस माणसे औषधाने अधिक गेली. ज्यांनी ते इतकी वर्षे दिले ते सर्व सद्‌हेतूने देत होते. (दमा आणि इतर काही आजारांत हेच औषध प्राण वाचवते, तेव्हा त्याचा धसका कोणी घेऊ नये.) एकेका डॉक्टरला आपल्या अनुभवावरून हे कधीच कळले नसते. शंभरातले तीन अधिक गेले, हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त बेरजेत दिसते.

याच मंडळींनी पुढे दुसरे एक औषध तपासले. त्याचे नाव ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. हे जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी शोधून १९६२ साली प्रसिद्ध केले. महायुद्धानंतरच्या हलाखीत संशोधन सुरू झाले तेव्हा उताकोबाई लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात ही त्यांची मूळ तळमळ होती. साकळलेले रक्त पुन्हा विरघळू न देणे हा या औषधाचा गुण. डोक्याच्या इजेत ते चालते काय हे २९ देशांतील १७५ रुग्णालयांत १२,७३७ रुग्णांवर तपासले गेले आणि २०१९ साली निकाल आला. अपघातापासून तीन तासांच्या आत दिले तर सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांत मेंदूच्या इजेने होणारे मृत्यू ७.५ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले, म्हणजे हजारामागे सतरा माणसे वाचली. फार गंभीर रुग्णांत मात्र फरक दिसला नाही आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. हे औषध स्वस्त आहे व द्यायला शस्त्रक्रियागृह लागत नाही. कोणाला द्यावे हे डॉक्टरच ठरवतील. आम्ही ते येथे सांगतो ते ‘तीन तास’ या शब्दांसाठी.

कारण आमच्या कर्जत तालुक्यात तीन तास कसे जातात हे सर्वांना ठाऊक आहे. नगर–सोलापूर रस्ता मिरजगावावरून जातो, त्यावर अवजड वाहतूक रात्रंदिवस चालू असते. दुसरीकडे राशीनवरून भिगवणकडे जाणारा रस्ता. उसाचा हंगाम लागला की या रस्त्यांवर अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती छातीपाशी आलेली असते. पुढे जवळचा दवाखाना, तेथून तालुक्याचे रुग्णालय, तेथून ‘नगरला हलवा’, आणि नगरला गेल्यावर कधी कधी ‘पुण्याला न्या’. सिटी स्कॅन, मेंदूचा सर्जन आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली मिळायचे तर बहुधा नगर किंवा पुणेच गाठावे लागते, हे खरे. परंतु प्रत्येक थांब्यावर नातेवाईक येईपर्यंत, पैसे जमेपर्यंत, गाडी ठरेपर्यंत जो वेळ जातो तो रस्त्याच्या लांबीत मोजलेला नसतो.

बँकेत आमच्याकडे या अपघातांची दुसरी बाजू येते. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावा घेऊन बाई काउंटरवर उभी राहते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत फिर्यादीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला. अहवालात मृत्यूचे कारण म्हणून डोक्याची इजा लिहिलेली आम्ही किती वेळा वाचली याची गणती नाही. वारस म्हणून सही करणारीचे वय कित्येकदा तिशीच्या आत असते. सदर योजनेत सर्वांनी नाव जरूर घालावे. पण तो कागद हिशेबाच्या शेवटच्या पानाचा आहे, त्याआधीची पाने आपल्याला बदलता येतात काय हा प्रश्न आहे.

पहिले पान म्हणजे मदतीला हात लावणे. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ या भीतीने माणसे अंग काढून घेतात. या भीतीला एकेकाळी कारणही होते. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडविले, जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून त्याला न घेता वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले आणि तो वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य, कायद्याची औपचारिकता नंतर. मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना न्यायालयाने बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही, खर्च मागता येत नाही. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड करण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. ही योजना नाव काढून मागावी, न मागता मिळेल असे समजू नये.

दुसरे पान म्हणजे १०८ क्रमांक. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. ती मोफत आहे. फोन करताना आपल्या लोकांनी ‘कर्जत’ एवढेच सांगू नये. रायगड जिल्ह्यात दुसरे कर्जत आहे, तेव्हा आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि खूण सांगावी. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, परंतु घाबरलेल्या माणसाच्या तोंडी ‘नगर’ आले तरी बिघडत नाही.

गाडी येईपर्यंत काय करावे आणि काय करू नये? आपल्याकडे बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाण्याचा तांब्या उपडा करतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, जरा डोळे उघडले की पाणी किंवा चहा पाजतात. बेशुद्धाला गिळता येत नाही, ते पाणी फुप्फुसात जाते. असे काहीही पाजू नये. त्याचा श्वास चालू आहे काय ते आधी पाहावे. तोंडात रक्त, उलटी, तंबाखू असेल आणि ते बाहेर दिसत असेल तर पुसून काढावे. उलटी होत असेल किंवा घशात घरघर असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून, सबंध माणूस कुशीवर करावा. मान एकट्याने वळवू नये, कारण डोक्याबरोबर मानेचे हाडही मोडलेले असू शकते. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे आणि सारखे उचलून बघू नये. हातपाय धरून माणसाची मोट बांधल्यासारखे त्याला जीपमध्ये कोंबू नये. फळी, दार, खाट, जे सपाट मिळेल त्यावर घ्यावे.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच आहे. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, कपडे झटकतो आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणून घरी जातो. कानाच्या वरच्या बाजूला कवटीच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. तासा-दोन तासांत, कधी आणखी उशिरा, डोके ठणकू लागते, उलट्या होतात, माणूस पेंगू लागतो. घरचे म्हणतात, दमला आहे, झोपू द्या. दारू घेतलेली असेल तर मग विचारूच नका, ‘उतरली की उठेल’. तो उठत नाही. हीच गाठ वेळेवर ओळखून शस्त्रक्रिया केली तर माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होऊन कामाला लागतो, म्हणून ही झोप आम्हाला सर्वांत दुःखद वाटते. डोक्याला मार लागून उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दारूचा वास येत असला तरी डोक्याची इजा आहे असेच धरून चालावे.

हेल्मेटबद्दल सांगून लोक कंटाळले आहेत, म्हणून एकच आकडा देतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००८ साली मांडला गेला, त्यात हेल्मेटने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे निघाले. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेत डोक्याआधी उडून जाते. १४ एप्रिलच्या मोटारसायकल फेरीत आमच्या तरुणांच्या डोक्याला निळी पट्टी असते. त्यावर हेल्मेट बसते, आम्ही बसवून पाहिले आहे.

वाचलेल्या माणसाविषयीही दोन शब्द. रुग्णालयातून घरी आलेला मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो, पण त्याला आठवत नाही, लवकर चिडतो, गोंगाट सहन होत नाही, हिशेब चुकतो. घरात कुजबुज सुरू होते की याला बाहेरचे काही लागले. त्याला लागले आहे ते मेंदूला, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या सरावाने, औषधाने आणि घरच्यांच्या धीराने त्यात सुधारणा होऊ शकते. शाळेतला मुलगा असेल तर शिक्षकांना हे स्पष्ट सांगावे.

जखमीबरोबर जाणाऱ्याने एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून डॉक्टरच्या हाती द्याव्यात, तोंडी सांगितलेले गडबडीत हरवते. अपघात किती वाजता झाला. मधे शुद्ध हरपली होती काय, आणि किती वेळ. उलटी किंवा झटका आला काय. आणि तो नेहमी कोणत्या गोळ्या घेतो. ही शेवटची गोष्ट म्हाताऱ्या माणसांसाठी फार महत्त्वाची आहे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर न्हाणीघरात पाय घसरून लागलेला लहानसा मारही आत रक्त साठवू शकतो. वृद्धांमध्ये ही गाठ इतकी सावकाश वाढते की, तीन-चार आठवड्यांनी आजोबा एकाएकी विसरू लागतात, चालताना झोक जातो, आणि घरातले वयाला बोल लावतात. पडल्याची तारीख तोवर कोणाच्या लक्षात राहिलेली नसते, म्हणून ती त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.